चढणीवरचा अर्धा तास

नवी सायकल दारात उभी होती आणि घरातली सगळी माणसे हसत होती. जिच्यासाठी ती आणली होती ती बाईही हसत होती, कारण अशा वेळी दुसरे काही करता येत नाही. मुलगा सायकलभोवती फिरून तिचे गुण सांगत होता. सून ओले हात पुसत उंबऱ्यात उभी होती. आतल्या खोलीतून, खिडकीजवळच्या पलंगावरून, नवरा ओरडून विचारत होता, "रंग कोणता आहे? अरे, कोणीतरी रंग सांगा!"

"निळा, बाबा!" मुलाने उत्तर दिले.

"निळा म्हणजे कोणता? निळे काय एक असतात?"

नवरा जन्मभर रंगारी होता. एका इमारतीच्या परांचीवरून तो पडला आणि त्याच्या कमरेखालचा जीव गेला, त्याला आता बरीच वर्षे झाली. परांची गेली, डबे गेले, पण रंगाच्या बाबतीत तो अजून कोणाचे ऐकून घेत नसे.

"आणि माझी जुनी सायकल?" बाईने विचारले.

"ती दुकानदारानं बदल्यात घेतली, आई. आता ती कशाला हवी? हिला बॅटरी आहे. तू नुसता पायडलवर पाय ठेवायचा, पुढचं ती बघते. चढ आहे की सपाटी आहे, तुला कळणारसुद्धा नाही."

बाईने हँडलवर हात ठेवला. ते गार होते. "छान आहे," ती म्हणाली.

ही बाई कोण, हे आधी नीट सांगितले पाहिजे. गावातल्या मोठ्या रुग्णालयात तळमजल्यावर कपडेखाते आहे. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे आणि रुग्णांचे नाडीचे झगे तिथे येतात. फाटलेले वेगळे काढून शिवण्याचे काम या बाईकडे होते. रुग्णालयात तिला सगळे टाकेबाई म्हणत. माणसांना टाके डॉक्टर घालतात आणि चादरींना ही घालते, असे म्हणून इस्त्री करणारी तिची मैत्रीण येणाऱ्याजाणाऱ्याला तिची ओळख करून देई. रुग्णालयाची चादर नेहमी मधोमध विरते, कारण माणूस मध्ये निजतो. टाकेबाई अशी चादर उभी कापत असे, मग चांगल्या राहिलेल्या दोन्ही कडा मध्ये आणून जोडत असे, आणि विरलेला भाग दोन्हीकडे कडेला जाऊन गादीखाली दडे. चादरीला पुन्हा तितकेच आयुष्य मिळे. मधली शिवण मात्र अगदी चपटी पडावी लागे, नाहीतर आजाऱ्याच्या पाठीला ती रुते.

रुग्णालय सखल भागात आणि घर टेकडीवरच्या वस्तीत. सकाळी उतार लागे, त्यामुळे जाताना काही प्रश्न नव्हता. संध्याकाळी मात्र चढण होती आणि ती लांब होती. मध्यावर रस्ता एका कालव्यावरून वळे. तिथे छोटा पूल होता आणि पुलाला बसण्याजोगा रुंद कठडा होता. तिथवर टाकेबाई कशीबशी सायकल मारत येई, मग उतरे, सायकल टेकवून ठेवी आणि कठड्यावर बसे. दम लागलेला असे, तो खरा असे. काही वेळाने दम जात असे, पण टाकेबाई उठत नसे. मग उरलेला चढ ती सायकल हाती धरून चालत जाई. असे मिळून अर्धा तास, कधी त्याहून थोडा अधिक, तिचा स्वतःचा होई.

घरी पोहोचली की ती घामाघूम असे. "आलात आई! किती दमलात!" असे कोणीतरी म्हणे आणि तिला पाणी देई. एवढा उशीर का झाला, असे तिला कधी कोणी विचारले नाही. दमलेल्या माणसाला तसे कोणी विचारत नसते. त्या दमाच्या आड तिचा अर्धा तास सुखरूप होता, आणि हे तिने कोणालाही सांगितलेले नव्हते. खरे म्हणजे सायकल बदलेपर्यंत तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते.

पहिल्या संध्याकाळी नवी सायकल तिला घेऊन निघाली. घेऊन निघाली, असेच म्हटले पाहिजे. पायडल मारताच मागून कोणीतरी पाठीला हात लावून ढकलावे तशी ती पुढे सरली. चढणीवर टाकेबाईचे पाय नुसते गोल फिरत होते. त्यांना काही लागत नव्हते आणि काही मिळतही नव्हते. कालव्याचा पूल आला. थांबायला काही कारण नव्हते. तिने कठड्याकडे पाहिले, तोवर तो मागे गेला होता. ती दारात पोहोचली तेव्हा सून अजून वाळत घातलेले कपडे काढत होती.

"अय्या! आई, तुम्ही इतक्यात?" सून म्हणाली. ती मनापासून आनंदली होती. "बघा, घामाचा थेंब नाही तुमच्या कपाळावर."

दोन दिवस सुनेने पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना तिने विषय काढला. ती मोठी समजूतदार मुलगी होती, हे वाचकाने विसरू नये. दिवसभर सासऱ्यांची अंघोळ, त्यांची कूस बदलणे आणि औषध देणे हे सगळे तिच्या अंगावर असे. घर सोडून तिला कुठे जाता येत नसे.

"आई, खालच्या औषधांच्या दुकानात संध्याकाळपुरतं माणूस हवंय," ती म्हणाली. "काल तुम्ही आल्यावर मी विचारून आले. तुम्ही आता लवकर येताच, तर तुम्ही आलात की मी निघेन. बाबांचा पायांचा व्यायाम तेवढा तुम्ही करून घ्यायचा. पहिला महिना ते मला पारखून बघणार आहेत. उशीर मात्र चालायचा नाही, हे मालकानं बजावलंय."

मुलगा ताटावरून म्हणाला, "आई काय नाही म्हणणार आहे?"

टाकेबाईने सुनेकडे पाहिले. त्या मुलीच्या डोळ्यांत असा काही उजेड होता की तो मालवणे कोणाच्याही जिवावर आले असते. "जा ना," ती म्हणाली. "मी येईन वेळेवर."

असा तो अर्धा तास तिच्या हातून गेला. कोणी तो हिसकावला नाही. प्रेमाने आणलेल्या सायकलीने तो सोडवला आणि गरज असलेल्या मुलीला दिला. म्हणूनच त्यावर तोंडातून ब्र काढता येईना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत कपडेखात्यात याच सायकलीवर चर्चा झाली.

"मजा आहे बुवा एकीची," इस्त्रीवाली म्हणाली. "बसल्या जागी घर. महिनाभरानं बघा, हिच्या पोटऱ्यांचा कापूस होईल. पाय चालवायचे विसरेल ही."

फाटकावरचा पहारेकरी चहा घ्यायला आत आला होता. तो म्हणाला, "तसं काही नसतं. माझ्या मेहुण्यानं घेतली आहे तशीच. आधी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही कुरकुर करायचा. आता सुट्टीच्या दिवशी तळ्यापर्यंत जाऊन येतो. घाम पूर्वीइतकाच, फक्त रस्ता दुप्पट."

"मग सायकलीनं कष्ट वाचले की वाढले?"

"ते मेहुण्याला विचारा. तो घरी सापडेल तर!"

सगळे हसले. टाकेबाई हातातली चादर उजेडापुढे धरून तिचा विरलेला भाग पाहत होती. तिच्या मनात आले की पहारेकरी खोटे बोलत नाही आणि मैत्रीणही नाही. ज्याला पुढे जायला जागा आहे त्याला सायकल पुढे नेईल. तिला पुढे फक्त घर होते, आणि सायकल तिला तिथेच लवकर नेऊन सोडत होती.

वाट वाकडी करून हिंडून यावे, असे तिच्या मनात आले नाही असे नाही. पण तसे करणे तिला चोरीसारखे वाटे. दमून थांबणे ही चोरी नव्हती. दम लागला तर माणूस थांबणारच. म्हणून त्या संध्याकाळी तिने एक गोष्ट केली. हँडलवर अंगठ्याजवळ एक सरकते बटण होते: बंद, मंद आणि जोरात. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर येताच तिने ते बंदवर सरकवले.

सायकल जड झाली. जुन्या सायकलीपेक्षाही जड झाली, कारण बॅटरी आणि मोटर हे दोन पाहुणे आता फुकट बसून आले होते. चढणीवर मांड्या भरून आल्या, छाती भात्यासारखी चालू लागली, आणि कालव्याचा पूल आला तेव्हा तिला खरोखरच उतरावे लागले. ती कठड्यावर बसली. खाली पाणी संथ चालले होते. पलीकडच्या गोदामात माणसे पोती उतरवत होती आणि एकमेकांना शिव्या देत होती. तिला त्यांच्यापैकी कोणी ओळखत नव्हते. तिने डोळे मिटले. मग तिला सून आठवली आणि ती ताडकन उठली.

सून पिशवी खांद्याला लावून दारातच उभी होती. "आई, काय झालं?"

"बॅटरी संपली वाटतं," टाकेबाई म्हणाली. घाम निथळत होता, म्हणून ते खरे वाटले. सून पळतच उतारावरून गेली.

रोज संध्याकाळी बॅटरी सायकलीवरून काढून घरात आणावी लागे. सॉकेट पलंगाच्या उशाशी होते, म्हणून ती चार्ज करण्याचे काम नवऱ्याकडे आले होते. घरात त्याला दिलेले हे एकच काम. तो ते अशा थाटात करी की जणू साऱ्या गावाची वीज त्याच्या हाती आहे. बॅटरीवरचे बटण दाबले की ती किती भरली आहे हे सांगणारे छोटे हिरवे दिवे लागत. तो ते रोज पाही, मग चार्जर जोडी. टाकेबाईने बॅटरी त्याच्या हातात दिली. त्याने दिवे पाहिले. चारही लागले होते. त्याने एकदा तिच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिले आणि प्लग लावला.

पुढे असे अनेकदा झाले. रोज नाही, कारण टाकेबाईच्या अंगात तेवढी हिंमत नव्हती, पण होत राहिले. कधी ती वेळेवर येई आणि कधी बॅटरी "संपे". सुनेला दुकानात बोलणी बसू लागली. शेवटी मुलाने एका सुट्टीच्या सकाळी दुकानातल्या मेकॅनिकलाच घरी बोलावून आणले.

मेकॅनिक गोल चेहऱ्याचा आणि बडबड्या होता. त्याने सायकल उलटी केली, सरळ केली, चढावर जाऊन आला. "बॅटरी ठणठणीत आहे," त्याने सांगितले. "मोटर सुतासारखी सरळ. घोडं पेंड कुठं खातंय तेच कळत नाही. काकू, तुमचा अंगठा चुकून बटणाला लागतो का हो?"

"लागत असेल," टाकेबाई म्हणाली.

"मग झालं! सापडलं. दादा, चिकटपट्टी आहे का घरात?"

मुलाने काळी चिकटपट्टी आणली. बटण जोरातवर सरकवले आणि त्यावरून पट्टीचे वेढे दिले, एक, दोन, आणखी एक. मग त्याने ते अंगठ्याने घट्ट दाबून बसवले. "आता तुला काही करायलाच नको, आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मायेचा होता की टाकेबाईने नुसती मान हलवली.

आतून नवऱ्याने विचारले, "काय दोष निघाला?"

"बटण, बाबा! बांधून टाकलं."



दुपारी मुलगा आणि सून बाजारात गेले. टाकेबाई नवऱ्याच्या पायांचा व्यायाम करून घेत होती. टाच तळहातावर घ्यायची, गुडघा वाकवायचा, पोटाकडे न्यायचा, परत सरळ करायचा. त्या पायांना ते कळत नसे, तरी करावे लागे, नाहीतर सांधे धरतात.

"दिवे चार असायचे," नवरा छताकडे पाहत म्हणाला.

तिने गुडघा वाकवला.

"बॅटरी संपली म्हणायचीस आणि दिवे चारच्या चार. मी रंगारी आहे, आंधळा नाही."

"मग पोराला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तुझ्या आईला माझ्याकडे यायची घाई नाही, हे सांगू?"

"अहो, असं काय बोलता."

"मग कसं बोलू? तूच सांग. कुठे असतेस?"

तिने पाय सरळ केला, खाली ठेवला आणि दुसरा घेतला. खोटे सांगावे असे एकही ठिकाण तिला सुचले नाही. "कालव्याच्या पुलावर बसते," ती म्हणाली.

"कोण असतं तिथं?"

"कोणी नसतं."

"मग काय असतं?"

"पाणी असतं. पलीकडे गोदाम आहे." तिने गुडघा पोटाकडे नेला. मग एकदम म्हणाली, "तिथं मला कोणी हाक मारत नाही. रुग्णालयात टाकेबाई, टाकेबाई. घरी आई, आणि तुमचं अगं, ऐकलंस का. सकाळी डोळा उघडत नाही तोवर सुरू होतं. तिथं नसतं कोणी."

हे बोलून होताच तिला वाटले की आपण भलतेच बोललो. नवरा खिडकीकडे पाहत होता. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसे. तिचा रंग उडाला होता आणि तो रंग निवडणाऱ्याला नवऱ्याने अनेकदा नावे ठेवली होती.

"मला पण कोणी हाक मारत नाही," तो म्हणाला. "दिवसभर."

 तिने व्यायाम पुरा केला आणि त्याच्या पायांवर पांघरूण घातले. ते पांघरूण तिनेच जुन्या चादरीचे केले होते, कडा मध्ये घेऊन.

चिकटपट्टीमुळे आता काही उपाय राहिला नाही. सायकल रोज जोरात चालली, टाकेबाई रोज वेळेवर आली आणि सून रोज वेळेवर गेली. पूल येई, कठडा येई, जाई. कधी तिला वाटे, पट्टी सोडावी. मग मुलाचा अंगठा आठवे. घरात सगळे तिच्यावर खूश होते. इस्त्रीवाली मात्र एकदा म्हणाली, "बाई गं, बॅटरीच्या सायकलवर बसून तू जास्तच दमलेली दिसतेस. हे कसं काय?"

"झोप होत नाही," टाकेबाईने सांगितले.

मग एका संध्याकाळी, चढण जेमतेम सुरू झाली असताना, मागचा हात सुटला. सायकल एकदम जड झाली आणि जागच्या जागी उभी राहिली. तिने बटण पाहिले. पट्टी जशीच्या तशी होती. उतरून बॅटरीवरचे बटण दाबले. एकही दिवा लागला नाही.

पूर्वी ती याच गोष्टीचे सोंग करत असे. आता ते खरे झाले होते, आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. ती सायकल ढकलत निघाली. चाकांपेक्षा बॅटरीच जास्त जड लागत होती. कालव्याचा पूल आला. कठडा रिकामा होता. पाणी तसेच चालले होते. तिथे बसण्याची इतकी गरज तिला कधी लागली नव्हती, आणि दम लागूनही पहिल्यांदाच ती थांबली नाही. डोळ्यांपुढे सून होती, दारात, पिशवी खांद्याला लावून. ती हँडलवर छाती टेकून, सायकल लोटत, जवळजवळ धावत चढ चढली.

सून गेलेली नव्हती. सासऱ्यांना एकटे टाकून जाणे तिला जमले नव्हते. टाकेबाई दिसताच ती उतारावरून पळाली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मालक म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस."

मुलगा तेव्हाच कामावरून आला होता. त्याने बॅटरी उचलली, बटण दाबले, पुन्हा दाबले. "ही चार्जच झालेली नाही," तो म्हणाला. "बाबा, काल प्लग लावला होतात ना?"

नवरा उशीवर वर सरकून बसला होता. "विसरलो," तो म्हणाला.

टाकेबाईने त्याच्याकडे पाहिले. तो विसरणारा माणूस नव्हता. कोणत्या वर्षी कोणत्या घराला कोणत्या रंगाचा हात दिला, हे तो झोपेतही सांगे. तो तिची नजर चुकवत होता. त्याने प्लग मुद्दाम लावला नव्हता. पट्टी बांधलेल्या सायकलीतून तिला तिचा पूल परत द्यायचा हा एकच मार्ग त्याच्या हाताच्या टप्प्यात होता, आणि तो त्याने वापरला होता. सुनेच्या दुकानाचे काय होईल, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. पलंगावरून सगळे दिसत नाही.

"असू दे, बाबा," मुलगा म्हणाला. तो रागावला नाही, आणि त्यामुळे ते अधिकच वाईट झाले. "तुमच्या डोक्याला कशाला तो ताप? उद्यापासून मी स्वयंपाकघरात लावत जाईन."

त्याने चार्जर काढला, वायर गुंडाळली आणि बाहेर नेली. नवऱ्याच्या उशाशी सॉकेट तेवढे राहिले. त्याने हात नेहमीच्या जागी नेला, तिथे काही नव्हते. मग त्याने तो हात पांघरुणाखाली घेतला.

टाकेबाई स्वयंपाकघराच्या दारात सुनेला पाणी देत होती. तिने भांडे सुनेच्या हातात दिले. तिला दिसत होते की आता गप्प राहिले तर हे असेच बसेल. सगळे सुरळीत चालेल. सायकल जोरात येईल, सून वेळेवर जाईल आणि तो माणूस हात पांघरुणाखाली घेऊन भिंतीचा रंग पाहत राहील. बोलले तर तिचा पूल कायमचा जाईल, कारण मग दमाच्या आड लपता येणार नाही. आणि पूल तर गेलेलाच होता.

"चार्जर परत आण," ती मुलाला म्हणाली.

"अगं आई, पण बाबा विसरले तर..."

"बाबा विसरले नाहीत, माझ्यापायी त्यांनी प्लग लावला नाही. आधी जे व्हायचं ते मी करत होते. बटण मी बंद करायचे. अंगठा लागत नव्हता, मी लावायचे."

सून हातातले भांडे धरून राहिली. "पण का, आई?" तिने विचारले. "मी उभी असायची हो दारात."

"माहीत आहे. म्हणून सांगते. मला मध्ये जरा बसायला हवं होतं. दुसरं काही नाही."

"मग सांगायचंत! घरी येऊन बसा की. घरात खुर्च्या कमी आहेत का?" मुलगा म्हणाला. त्याला खरोखरच कळले नव्हते, आणि हे समजावून सांगण्याजोगे शब्द टाकेबाईकडे नव्हते.

"हो," ती म्हणाली. "घरी बसेन. उशीर होणार नाही. पट्टी राहू दे. पण चार्जर बाबांच्या उशाशी हवा. ते काम त्यांचं आहे."

आतून नवरा ओरडला, "आणि वायर अशी वेडीवाकडी गुंडाळू नकोस रे, आतून तुटते!"

दुसऱ्या दिवशी बॅटरी भरलेली होती. सायकल टाकेबाईला घेऊन चढणीवरून आली. पुलाशी तिने पायडल मारणे थांबवले, तेवढ्यापुरती गती कमी झाली, गोदामातला कोणीतरी शिवी देऊन हसला, आणि मग तिने पुन्हा पाय फिरवले. सून दारातून निघताना क्षणभर थांबली. "येते हं, आई," ती म्हणाली. आज तिने हे वळून, तोंडाकडे पाहून म्हटले.

टाकेबाईने बॅटरी आत नेली. नवऱ्याने दिवे पाहिले. "एक," तो समाधानाने म्हणाला, "बरोबर आहे." त्याने चार्जर जोडला. मग खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीकडे हनुवटीने खूण केली. ती खुर्ची त्याने सुनेला सांगून तिथे ठेववली होती. तिचे तोंड खिडकीबाहेरच्या भिंतीकडे होते आणि पाठ पलंगाकडे.

"बस तिथं," तो म्हणाला. "व्यायाम नंतर. अर्धा तास मी तुला हाक मारणार नाही. पुलावर बसलीस असं समज."

"काहीतरीच तुमचं."

"बस म्हणतो ना. पाणी नाही इथं, त्याला माझा इलाज नाही."

ती बसली. समोर उडालेल्या रंगाची भिंत होती. पाय सायकलीवर नुसते फिरून आले होते, त्यांना दम नव्हता, आणि दमाशिवाय बसणे तिला परक्याच्या घरात बसल्यासारखे वाटत होते. खोलीत कोणी बोलत नव्हते. चार्जरचा बारीक गुणगुणाट चालू होता. तिने डोळे मिटून पाणी आठवून पाहिले. थोडे आले.

मग मागे पांघरूण सरकल्याचा आवाज झाला. त्यानंतर काही नाही. पण ते काही नसणे पहिल्यासारखे नव्हते. कोणीतरी श्वास धरून ठेवला होता आणि तो हळूहळू, चोरून सोडत होता. ती भिंतीकडे पाहत राहिली. तिने ठरवले होते की वळायचे नाही. तो श्वास पुन्हा धरला गेला.

ती वळली. त्याचा एक पाय पलंगावरून खाली घसरून लोंबकळत होता आणि त्याच्या ओढीने तो सगळाच तिरका झाला होता. दोन्ही हातांनी त्याने पलंगाची कड धरली होती. चेहरा लाल झाला होता.

"अहो! हाक मारायची ना!"

"अर्धा तास झाला नव्हता," तो दातांवर दात धरून म्हणाला.

तिने तो पाय उचलला, त्याला खांदा देऊन सरळ केले आणि उशी मागे लावली. मग खुर्ची उचलली. ती तिने पलंगाकडे तोंड करून ठेवली नाही आणि भिंतीकडेही ठेवली नाही. दोन्हींच्या मध्ये, आडवी ठेवली आणि तिच्यावर बसून त्याची टाच तळहातावर घेतली.

"मी बोललो नाही हं," तो म्हणाला. "एक शब्द नाही."

"ऐकू आलं मला," टाकेबाई म्हणाली, आणि तिने गुडघा वाकवायला घेतला.